हाल्डेनब्रांड, गुटे हेडविगच्या फाटकापुढे

अल्फोन्स काचमारेकनं मुलीला घराबाहेर काढलं नव्हतं, तिच्या ड्रमना काढलं होतं. पण रोझविथानं ते स्वतःच्याच अंगाला लावून घेतलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बापलेकीत कामापुरतंच बोलणं उरलं.

भांडण झालं होतं कबुतरावरून. पश्चिम जर्मनीतल्या वाने-आइकेलमधल्या त्यांच्या वस्तीत खाणीतला प्रत्येक दुसरा माणूस शर्यतीची कबुतरं पाळायचा आणि अल्फोन्स त्यात नावाजलेला होता. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात पासाऊहून सोडलेल्या शर्यतीत त्याची निळसर मादी सगळ्यांच्या आधी घरावर येऊन पोचली. पोचली, पण उतरेना. खाली परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रोझविथा ड्रम वाजवत होती आणि ते बिचारं पाखरू वर घिरट्या घालत राहिली. कबुतर आत येऊन पायातली कडी वेळ नोंदवायच्या घड्याळात पडल्याशिवाय शर्यत पुरी होत नाही. तेवढ्यात शेजारच्या ब्रुनो कोवाल्केचं कबुतर गुपचूप आपल्या खुराड्यात शिरलं. कप ब्रुनोकडे गेला.

"मला काय माहीत पप्पा, कबुतर आलंय म्हणून?"

"वर बघायचं असतं, रोझी! वर! अंधारात बसून डबडी बडवायची नसतात!"

"डबडी नाहीत ती."

"काय असतील ती असोत. एक तर ती राहतील, नाहीतर माझी कबुतरं. आणि कबुतरं आधीपासून आहेत."

खरं म्हणजे त्या आवाजाचा अल्फोन्सला स्वतःला काडीचा त्रास नव्हता. कोळसा फोडायचं हवेच्या दाबावरचं हत्यार छातीशी धरून त्याची उमर गेली होती. कान तेव्हाच निम्मे गेले होते. पण बोललेला शब्द मागे घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मुलीतही नेमकी तीच खोड उतरली होती. संध्याकाळच्या आत तिचे दोन मित्र हातगाडी घेऊन आले. फोल्कमार श्युरमान, गुटे हेडविग खाणीत नुकताच लागलेला इलेक्ट्रिशियन, लांबरुंद आणि अबोल. आणि एकहार्ट पाव्लाक, रंगकाम करणारा, काटकुळा, तोंडाची टकळी अखंड चालू. ड्रम गाडीवर चढवून तिघं चर्चकडे निघाली.

सेंट बार्बराचे फादर लिबोरिउस यांनी त्यांना चर्चच्या सभागृहाखालचं तळघर देऊ केलं होतं. तिथल्या बायकांनी लगेच तक्रार केली, की ही पोरं सैतानाची गाणी वाजवतात.

"मग तर तळघरच बरं," फादर म्हणाले. "सैतान खाली असलेलाच चांगला. निदान कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं."

सैतानाची गाणी मात्र ती नव्हतीच. त्या काळी असं कानठळ्या बसवणारं मेटल संगीत वाजवणारे बहुतेक बँड कबरी, भुतं आणि नरक यांच्यावर गायचे. फोल्कमारला नरक शोधत फिरायची गरज नव्हती. रोज सकाळी खाणीच्या पाळण्यातून तो हजार मीटर खाली उतरत होता. तो गायचा धुळीनं भरलेल्या फुफ्फुसांबद्दल, करकरणाऱ्या लाकडी टेकूंबद्दल, वर न आलेल्या माणसांबद्दल. गायचा म्हणजे काय, गिटार वाजवता वाजवता पोटाच्या तळातून एक गुरगुराट काढायचा, जणू जमीनच बोलतेय. एकहार्टची गिटार करवतीसारखी चालायची. आणि त्या दोघांच्या मागे रोझविथा. दोन्ही पायांनी मोठा ड्रम ती अशा वेगानं वाजवायची, की ठोके वेगळे ऐकूच येत नसत. पण प्रत्येक ठोका आपल्या जागी असायचा.

बँडचं नाव फोल्कमारनंच सुचवलं. वस्तीच्या मागे खाणीतून काढलेल्या दगडमातीची टेकडी होती. तिच्या पोटात राहिलेला कोळसा वर्षानुवर्षं धुमसत असायचा आणि पाऊस पडला की टेकडीतून वाफा निघायच्या. त्या आगीला लोक हाल्डेनब्रांड म्हणत.

"विझत नाही ती," फोल्कमार म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं ते बहुधा सगळ्यात लांब वाक्य असावं.

पहिली कॅसेट त्यांनी तळघरातच केली. ती हातोहात नकला होत कुठे कुठे गेली याचा पत्ता त्यांनाही नव्हता. मग बर्लिनच्या एका कंपनीनं बोलावलं. तिथला ध्वनिमुद्रक लांब केस मागे बांधलेला, अनुभवी माणूस होता. त्यानं काचेपलीकडून विचारलं, "ड्रमर अजून यायचाय का?"

"आलीय," एकहार्ट म्हणाला. "तुमच्यासमोर बसलीय. तिला कॉफी आणायला मात्र सांगू नका, मागच्यानं सांगितली होती, त्याचा पाय अजून दुखतो."

त्या माणसानं समजुतीच्या सुरात सुचवलं, की अवघड जागा हळू वाजवून घेऊ, मग मशीननं वेग वाढवता येतो. रोझविथानं बूट काढले, मोज्यांनिशी ड्रमच्या पायपट्ट्यांवर पाय ठेवले आणि सबंध गाणं वाजवलं.

"परत एकदा घेऊ या का?" तो म्हणाला.

"का? काही चुकलं?"

"नाही," तो जरा ओशाळून म्हणाला. "मला परत ऐकायचं होतं."

तो अल्बम निघाला आणि हाल्डेनब्रांडचे दिवस आले. टपालखात्यानं मोडीत काढलेली पिवळी व्हॅन घेऊन ती तिघं बेल्जियमपासून पोलंडपर्यंत हिंडली. गाडीतच झोपायचं, वाटेत मिळेल तो सॉसेज खायचा, आणि सोमवारी सकाळी तिघंही आपापल्या कामावर हजर. रोझविथा एव्हाना ट्राम चालवत होती. पोलंडमध्ये काटोवित्सेच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर लोक तिचं आडनाव घेऊन ओरडत राहिले. जर्मनीत शाळेपासून तिच्या पोलिश आडनावाची मोडतोड ऐकायची तिला सवय झाली होती. इथे हजार माणसं ते जसं उच्चारायला हवं तसंच उच्चारत होती. ड्रमच्या आड खाली वाकून ती कितीतरी वेळ पायपट्टीचा स्क्रू घट्ट करत बसली. तो स्क्रू सैल झालेलाच नव्हता.

हे सगळं घरी कधी कुणी काढलं नाही. आई, एल्फ्रीडे, वर्तमानपत्रातली कात्रणं स्वयंपाकघरातल्या कपाटावर मुद्दाम ठेवायची. अल्फोन्स त्यांच्यावर चष्मा ठेवायचा.

मग वारं फिरलं. नव्वदीच्या सुरुवातीला लोकांना दुसरंच काही आवडू लागलं आणि कंपनीनं डेलब्र्युक नावाचे एक गृहस्थ पाठवले. त्यांचे बूट इतके पांढरेशुभ्र होते की ते तळघराच्या पायरीवरच थांबले.

"वेग जरा कमी करू या," ते म्हणाले. "आणि आवाज... श्युरमानसाहेब गिटार छान वाजवतात, पण माईकसमोर कुणी सुरेल, देखणा असला तर?"

एकहार्ट गप्प राहिला. एरवी त्याला गप्प करायला छत कोसळावं लागलं असतं. त्याच्या मनात काय चाललंय ते रोझविथाला कळलं. त्याला घर होतं, दोन मुलं होती, आणि तो भिंती रंगवून थकला होता. फोल्कमार आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "मी बाजूला होतो. हरकत नाही."

"तुला कुणी विचारलंय?" रोझविथा म्हणाली. मग डेलब्र्युककडे वळून, "साहेब, हा गातो ते आमच्या खाणीतलं आहे. देखण्या माणसाला खाली पाठवा वर्षभर, वर आला की ऐकून बघू."

कंपनीनं करार संपवला. पुढे बराच काळ हाल्डेनब्रांडचं नाव कुठे छापून आलं नाही. पण दर गुरुवारी कामावरून सुटलं की तिघं तळघरात जमत आणि वाजवत. ऐकायला कुणी नसलं तरी त्याच तयारीनं, त्याच वेगात. एखादी जागा डळमळली तर रोझविथा सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावायची.

"कुणासाठी एवढं?" एकहार्ट वैतागायचा.

"फादर वर बसलेत ना," ती म्हणायची. "त्यांना कळतं चुकलं की."

त्या तळघरातच त्यांच्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या रचना तयार झाल्या. ऑस्नाब्र्युकच्या दोघा भावांनी आपल्या छोट्याशा कंपनीतर्फे त्यांचा अल्बम काढला. तो एका मोठ्या स्वीडिश बँडच्या कानावर गेला आणि त्यांच्याकडून निरोप आला, की मार्चमध्ये आमच्यासोबत चला. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड. मोठे हॉल, झोपायला पलंग असलेली बस. एकहार्टनं त्याच दिवशी रजा टाकली आणि लोकरीची टोपी विकत घेतली.

ते साल होतं सत्त्याण्णव. त्याच मार्चमध्ये बॉनमधल्या केंद्र सरकारनं खाणींना मिळणारा पैसा कापायचं ठरवलं, आणि सगळ्या प्रदेशातल्या खाणकामगारांनी काम थांबवून फाटकं धरली. गुटे हेडविगच्या फाटकापुढेही पिंपांत लाकडं पेटवून माणसं रात्रंदिवस बसली. फोल्कमार त्यांच्यात होता.

गुरुवारी तो तळघरात आला तो धुराच्या वासानं भरलेला. त्यानं गिटार बाहेर काढलीच नाही.

"मला येता येणार नाही," तो म्हणाला. "फाटक सोडून नाही."

एकहार्टचा चेहरा पांढरा पडला. "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, फोल्कमार! तू एकटा नसलास तर खाण बंद पडणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"मी नसलो तर मी नसेन. तुम्ही जा. डोर्टमुंडचा तो पोरगा, त्याला सगळी गाणी पाठ आहेत."

"ऐकलंस?" एकहार्ट रोझविथाकडे वळला. "तो स्वतःच सांगतोय! बारा वर्षं आपण ह्या बिळात बसलोय. दार एकदाच उघडलंय, रोझी. एकदाच!"

रोझविथाला स्वीडनला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की आठवडाभर तिला ट्रामच्या रुळांतही ठेके ऐकू येत होते. तिनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

"दुसऱ्या कुणाबरोबर मी वाजवून बघितलेलं नाही," ती म्हणाली. "आणि बघायचंही नाही. त्यांना मी कळवते."

एकहार्टनं नवी टोपी जमिनीवर आपटली आणि दार लावून निघून गेला. टोपी फोल्कमारनं उचलली, झटकली आणि अॅम्प्लिफायरवर ठेवली.

फाटकावर तेव्हा खाणीचा पितळी वाद्यांचा बँड लोकांची उमेद टिकवत होता. पण थंडी अशी पडली, की वाजवणाऱ्यांचे ओठ फुटले. कामगारांचा पुढारी हाइन्त्स-विली फोल्कमारपाशी आला.

"अरे, तुझापण काहीतरी बँड आहे ना? काय वाजवता तुम्ही?"

"डेथ मेटल."

"त्यावर नाचता येतं?"

"नाही."

"अंगात ऊब येते?"

फोल्कमारनं जरा विचार केला. "येते."

"मग या."

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकापुढे एक उघडा ट्रक उभा राहिला. रोझविथा ड्रम लावत होती तेवढ्यात रंगाच्या डब्यांची एक गाडी येऊन थांबली. आतून एकहार्ट उतरला, गिटार आणि अॅम्प्लिफायर घेऊन.

"बघू नका माझ्याकडे असं," तो म्हणाला. "रजा काढलीच होती. घरी बसलो असतो तर बायकोनं दिवाणखाना रंगवायला लावला असता. माझी टोपी कुठाय?"

समोर चारपाचशे माणसं होती. हेल्मेट घातलेले कामगार, वाटाण्याच्या सूपाच्या पातेल्याभोवती त्यांच्या बायका, चहाच्या किटल्या घेऊन उभे असलेले तुर्की सोबती, पायात जाड बूट चढवलेले फादर लिबोरिउस. आणि एका पेटत्या पिंपापाशी निवृत्त म्हाताऱ्यांच्या घोळक्यात अल्फोन्स काचमारेक. त्याचे कान आता पुरते गेले होते. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र तो खिशात ठेवायचा. म्हणायचा, त्यातून फक्त खरखर ऐकू येते, आणि खरखरीसाठी बायको पुरे आहे.

पहिल्या गाण्याला लोक हबकले. एका बाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. पुढे उभा असलेला एक म्हातारा हळूहळू मागे सरकत सरकत पार कुंपणाला जाऊन टेकला. गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की काय करावं, कुणालाच कळेना.

फोल्कमार माईकपाशी आला. "हे पुढचं," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "उत्तरेकडच्या बोगद्यात जे राहिले त्यांचं आहे. झेकीचा भाऊ. धाकटा ओर्लोव्स्की. फोरमन टिगेस." नावं घेऊन झाल्यावर त्यानं डोळे मिटले.

पुढचा गुरगुराट ऐकताना शब्द कुणाला कळले नसतील, पण आता कुणी मागे सरकलं नाही. छप्पर खाली येताना कसा आवाज होतो हे त्या गर्दीतल्या निम्म्या माणसांना माहीत होतं. चहा वाटणाऱ्या झेकीनं किटली खाली ठेवली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. मग दुसऱ्यानं काढलं, मग सगळ्यांनीच.

आणि अल्फोन्स पिंपापासून उठला. वाटेतल्या माणसांना बाजूला सारत तो ट्रकपाशी आला, हातमोजा काढला आणि फळीवर पंजा टेकवून उभा राहिला. रोझविथाला तो दिसला. आता हा ड्रम खाली ओढतो की काय, असं तिच्या मनात आलं, पण पाय थांबले नाहीत. अल्फोन्स चाकावर पाय देऊन कष्टानं वर चढला, मोठ्या ड्रमच्या शेजारी आला, आणि त्याला पाठ लावून खालीच बसला. मान खाली, डोळे बंद.

गाणं संपलं. सगळीकडे शांतता. बहिरी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात त्यानं विचारलं, "थांबलीस का गं?"

"संपलं गाणं, पप्पा," ती त्याच्यासमोर वाकून, ओठ दिसतील अशी म्हणाली.

"मग दुसरं वाजव. ऐकू येतंय."

"काय?"

"ऐकू येतंय म्हणतो ना! तुझ्या आईचं बोलणं येत नाही, रेडिओ येत नाही, ह्या फादरची घंटासुद्धा येत नाही. हे येतंय." त्यानं छातीच्या हाडावर बोट आपटलं. "इथून. वाजव."

गर्दीतून कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. रोझविथाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण तिनं सुरुवात केली होती. त्या दुपारी त्यांनी येत होती ती सगळी गाणी वाजवली, मग पहिल्यापासून पुन्हा. हाइन्त्स-विली सूपाच्या पळीनं लोखंडी फाटकावर ठेका धरायला बघत होता आणि प्रत्येक वेळी मागे पडत होता.

उतरताना अल्फोन्सनं तिचा आधार घेतला. "इतकी वर्षं हेच वाजवत होतीस?"

"हो. आधी जरा हळू वाजवायचे."

त्यानं हातमोजा पुन्हा चढवला. मग म्हणाला, "ब्रुनोचं कबुतर तसंही वेगवान होतं." ते खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

सरकारनं शेवटी तडजोड केली. गुटे हेडविगला आणखी थोडी वर्षं मिळाली, मग ती बंदच झाली. स्वीडिश बँडसोबत दुसरंच कुणीतरी गेलं आणि पुढे पुष्कळ मोठं झालं. एकहार्टला तिसऱ्या बिअरनंतर ते हटकून आठवतं. पण त्या दुपारी ट्रकवर त्यानंच एक साधा टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. जनरेटरची घरघर, पळीचा खणखणाट आणि 'ऐकू येतंय'सकट ते सगळं ऑस्नाब्र्युकच्या भावांनी जसंच्या तसं अल्बम म्हणून काढलं. हाल्डेनब्रांडचा तोच अल्बम सगळ्यांत जास्त लोकांपर्यंत पोचला, विशेषतः जिथे जिथे खाणी होत्या तिथे. फिनलंड, नॉर्वेलाही ती तिघं गेली, चार वर्षं उशिरा, छोट्या हॉलमध्ये, त्याच पिवळ्या व्हॅननं. तिघंच. कुणी गेलं नाही, कुणी नवं आलं नाही.

गुरुवारच्या सरावाला आता चौथी खुर्ची होती. अल्फोन्स ड्रमला पाठ लावून बसायचा आणि मधेच हात वर करायचा. "डावा पाय झोपला." कधी तो बरोबर असायचा, कधी साफ चूक, वाद मात्र दर वेळी व्हायचा, आणि एल्फ्रीडे म्हणायची की ह्यांचं न बोलणंच शांत होतं.

मग उत्तर जर्मनीतल्या एका मोठ्या उघड्यावरच्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. चिखलात, शेतांत, नजर पोचेल तिथवर काळे शर्ट. अल्फोन्स हट्टानं सोबत आला. मंचावर मागच्या बाजूला, ड्रमच्या चौथऱ्याला टेकून त्याच्यासाठी एक पेटी ठेवली होती. पडदा बाजूला झाला आणि ती अफाट गर्दी एका दमात ओरडली. अल्फोन्सला आवाज आला नाही, पण हजारो हात वर गेलेले दिसले. तो वळला.

"रोझी, इतकी माणसं कशाला आलीत?"

"आम्हाला ऐकायला, पप्पा."

त्यानं पुन्हा एकदा त्या सगळ्या तरण्याताठ्या पोरापोरींकडे नीट निरखून बघितलं. "ह्यांनापण कमी ऐकू येतं का?"

"अजून नाही," एकहार्ट गिटार खांद्याला अडकवत म्हणाला. "थोडं थांबा."

फोल्कमार हसला, आणि माईककडे गेला.